चंदीचा हिशोब

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतातल्या जुन्या वस्तीच्या संग्रहालयात वर्षभर घोड्यांची जोडी हाकायचं काम मिळालं, हे वाचून फार आनंद झाला. शंभर वर्षांपूर्वीच्या वसाहतकऱ्याचं आणि मालवाहू गाडीवानाचं आयुष्य लोकांना सांगायचं, तर सुरुवात कुठून करू, असं विचारलंस. बर्फाच्या वादळापासून सगळेच करतात. तू चंदीपासून, म्हणजे घोड्याला घालायच्या दाण्यापासून कर. घोडा रोज किती खातो ते एकदा कळलं, की त्या माणसाचं वर्ष कसं जायचं ते आपसूक कळतं.

आधी जमीन. 1872 च्या कॅनडाच्या जमीन कायद्याने 10 डॉलर भरून 160 एकरांचा तुकडा मिळायचा. तीन वर्षं, दरवर्षी निदान सहा महिने तिथे राहायचं, घर बांधायचं आणि साधारण 30 एकर रान मोडायचं. मग जमीन नावावर. या सहा महिन्यांच्या अटीकडे नीट बघ. उरलेले सहा महिने माणूस मोकळा, आणि नेमके तेच महिने सगळं गोठलेलं. पहिली दोनतीन वर्षं शेतातून रोकड येत नाही, पण पीठ, चहा, खिळे, बियाणं रोकडीनेच घ्यावं लागतं. म्हणून उन्हाळ्यात नांगर ओढणारी जोडी हिवाळ्यात स्लेजला (बर्फावरून घसरत जाणाऱ्या बिनचाकी गाडीला) जुंपायची आणि दुसऱ्यांचा माल वाहायचा. वसाहतकरी आणि गाडीवान हा पुष्कळदा एकच माणूस असायचा.

एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहू नकोस. ही जमीन रिकामी नव्हती. अल्बर्टातल्या ग्रँड प्रेअरीचा मुलूख 1899 च्या, सरकारने मूळ रहिवाशांशी केलेल्या आठव्या तहातला; क्री आणि डॅने-झा लोकांचा. आणि मालवाहतुकीचा धंदाही नव्या लोकांनी शोधलेला नाही. मेती (मूळ रहिवासी आणि युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) लोकांच्या दोनचाकी लाकडी गाड्या त्याआधी कित्येक दशकं माळावरून माल नेत होत्या. त्या गाड्यांच्या आखाला वंगण घालत नसत, कारण वंगणात धूळ बसून लाकूड झिजतं. म्हणून त्यांची करकर लांबवर ऐकू यायची.

रान मोडणं म्हणजे काय, ते चालण्यात मोजून सांग. नांगराची एक चर, म्हणजे तास, 14 इंच रुंद धरलं तर एक एकर नांगरायला घोड्यांमागे सात मैल चालावं लागतं. 30 एकरांना दोनशेदहा मैलांच्या वर. गवत जोमात असताना, जूनमध्ये, दोनतीन इंचच खोल नांगरायचं. गवताची मुळी चांगली उलथून पालथी पडली तर कुजते. खोल गेलास तर थर कुजत नाही आणि पुढची दोन वर्षं ढेकळं फोडण्यात जातात. फाळ बोथट झाला की सगळा भार घोड्यांच्या खांद्यावर येतो, म्हणून फाळ पुन्हापुन्हा धारेला लावायचा. घर बांधायला, मळणीला शेजारी एकत्र येत. आपल्या इर्जिकीसारखंच, जेवण यजमानाचं.

(जाता जाता: तिथल्या गव्हाला ऑगस्टअखेरच्या थंडीचं भय. लवकर पिकणारं मार्क्विस वाण चार्ल्स साँडर्स यांनी पुढे आणलं, 1909 च्या सुमारास ते शेतकऱ्यांच्या हाती गेलं. त्याचे आईबाप रेड फाईफ आणि हार्ड रेड कलकत्ता. दुसरा गहू आपल्याकडून गेलेला. हे तिथे जरूर सांग.)

आता खरा हिशोब. 1911 मध्ये एडसन या रेल्वेस्थानकापासून ग्रँड प्रेअरीपर्यंत सुमारे 250 मैलांची वाट खुली झाली. 1916 मध्ये रेल्वे पोचेपर्यंत ती चालली. दलदलीमुळे उन्हाळ्यात गाडी चाकाच्या तुंब्यापर्यंत (मधल्या गाभ्यापर्यंत) रुतायची, म्हणून भरलेली खेप शक्यतो थंडीत काढायची. 1,400 पौंडांचा घोडा दिवसभर ओढत असेल तर त्याला रोज 14 पौंड ओट्सची चंदी आणि 16 पौंड वैरण धर. जोडीचे रोजचे 60 पौंड. दिवसाला 15-16 मैल धरले तर 16 दिवस, म्हणजे 960 पौंड. स्लेजवर दोन टन, म्हणजे 4,000 पौंड घातले असतील, तर जवळजवळ चौथा हिस्सा घोडेच खाणार! भाडं मात्र मालाच्या दर शंभर पौंडांवर मिळतं, चंदीवर नाही. आणि परत यायचं असतंच. त्यामुळे वाटेवरच्या मुक्कामघरांतली वैरण काय भावाने मिळते, यावर खेपेचा नफा ठरायचा. चंदीत काटकसर करणारा तिसऱ्या खेपेला जोडी गमावून बसायचा.

चंदी जास्त झाली तरी घात होतो. काम करणाऱ्या घोड्याला सुट्टीच्या दिवशी पूर्ण चंदी घातली आणि दुसऱ्या दिवशी जुंपला, तर थोडं चालताच घाम फुटतो, मागच्या मांड्या दगडासारख्या होतात, लघवी कॉफीच्या रंगाची येते. तसं दिसलं तर तिथेच थांब. एक पाऊलही चालवू नकोस, पांघरूण घाल, डॉक्टर बोलाव. टाळायचा उपाय सोपा आहे: विश्रांतीच्या दिवशी चंदी निम्म्याहून कमी, वैरण भरपूर. दुसरं, पाणी. थंडीत घोडा पाणी कमी पितो आणि सुकी वैरण आतड्यात अडकून पोटशूळ उठतो. बर्फ चाटून तहान भागत नाही. नदीच्या बर्फाला भोक पाडायचं, नाहीतर पाणी तापवून बादलीने पाजायचं, आणि मगच तोबरा (तोंडाला बांधायची चंदीची पिशवी) चढवायचा.

तुझ्या हातात रोज येणारी वस्तू म्हणजे कॉलर. बैलाला वशिंड असतं, म्हणून जू मानेवर टेकतं. घोड्याला वशिंड नाही. जू ठेवलंस तर श्वासनलिका दाबली जाईल. त्याचा जोर खांद्यात, आणि तो जोर घेण्यासाठी भरलेली कातडी कॉलर. ती चढवलीस की खाली गळ्यापाशी तळहात आडवा सहज आत गेला पाहिजे, बाजूला फक्त बोटं. घट्ट असेल तर चढावर घोडा गुदमरतो. सैल असेल तर हलते आणि कातडी सोलते. कॉलरखाली आयाळीचे केस अडकले असतील तर ते ओढून बाहेर काढ. काल वाळलेल्या घामाचा पापुद्रा आतल्या बाजूला कडक होतो, तो रोज सकाळी पुसायचा. खरारा करताना खांद्यावरून उलटा हात फिरव. कुठे गरम लागलं, घोड्याने अंग चोरलं, तर जखम उद्या दिसणार आहे. गादी आजच लाव. आणि हे विसरू नकोस, की महिनाभर कामाने घोडा उतरतो, मग त्याच घोड्याला तीच कॉलर मोठी होते.

उणे 30 मध्ये लगामाचं लोखंड तसंच तोंडात घातलंस तर जिभेची साल निघते. आधी हातात किंवा कोमट पाण्यात गरम कर. कातडी सामान रात्री आत ने, पण शेगडीला चिकटवू नकोस, तडकतं. नाकपुड्यांवर साचलेला बर्फ वाटेत थांबून हाताने काढायचा. टापांखाली बर्फाचे गोळे बांधले जातात, म्हणून तळव्याला चरबी चोळायची. नालाला टोकं असली तरच बर्फावर पाय ठरतो.

स्लेज रात्रभर उभी राहिली की ज्यांवर ती घसरते त्या खालच्या पट्ट्या जमिनीला गोठून चिकटतात. सकाळी सरळ ओढायला लावलंस तर दांडी मोडेल किंवा घोडा खांद्यात दुखावेल. मुक्कामाला पट्ट्यांखाली लाकडं सरकव. राहिलं असेल तर जोडी आधी डावीकडे, मग उजवीकडे वळवून पट्ट्या सोडव आणि मगच पुढे काढ. उतारावर पट्टीला साखळी गुंडाळायची, ती बर्फात रुतून वेग धरते. घोड्याच्या मागच्या मांड्यांभोवतीच्या एकट्या कातडी पट्ट्यावर दोन टन रोखायची घोड्यांकडून अपेक्षा करू नये. मोठ्या चढाला गाडीवान एकमेकांच्या जोड्या पुढे लावत, म्हणून ते टोळीने निघत.

उन्हाळ्याच्या गाडीबद्दल थोडंच. कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं आणि धाव, म्हणजे चाकावरचं लोखंडी कडं, सैल होते. चाक पाण्यात भिजवून रात्र काढता येते, पण खरा उपाय लोहाराकडे, धाव कापून तापवून पुन्हा चढवणं, आपल्याकडच्यासारखंच. डाव्या चाकांच्या आखाच्या नटाचे आटे उलटे असतात, म्हणजे चालताना नट आपोआप सैल होत नाही. जोराने उलटा फिरवून आटे खराब करणारे पुष्कळ असतात.

आणि माल भरताना खिळ्यांची पिंपं तळाला, पिठाची गोणी मधे, घासलेट सगळ्यात मागे आणि एकटं. एक डबा झिरपला तर पीठ आणि चहा दोन्ही फेकायचे, आणि भरपाई गाडीवानाच्या भाड्यातून.

मोजपट्टी बरोबर ने. कॉलरचं माप आतल्या बाजूने वरून खालपर्यंत, इंचात घेतात. पहिल्या आठवड्यात दोन्ही घोड्यांची मापं, अंदाजे वजन आणि रोजची चंदी लिहून मला पाठव. बरोबर आहे की नाही ते लगेच कळवतो.