वाचनालयातले जुने अंक सर्वांसाठी खुले करायचे, तर कसे?

प्रश्न असा आहे: सोलापुरातल्या एका वाचनालयात १९२० ते १९५५ या काळातली मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू नियतकालिके आहेत, मोबाइलने पाने टिपून ड्राइव्हची लिंक वाटली तर पुरेल का?

पुरणार नाही. खाते बंद झाले की लिंक मरते, आणि चित्रातला मजकूर कोणाला शोधता येत नाही.

आधी हक्कांचे बघा, कारण अडते तिथेच. अंक वाचनालयाचा असला तरी आतल्या लेखाचा हक्क वाचनालयाचा नसतो. लेखक वारल्यानंतरच्या १ जानेवारीपासून ६० वर्षे मोजायची. १९६५ साली वारलेल्याचे लेखन १ जानेवारी २०२६ पासून मुक्त. १९७० साली वारलेल्याचे २०३० संपेपर्यंत बंधनात, मग लेख १९३१चा का असेना. निनावी मजकुराला प्रकाशनानंतर ६० वर्षे. एका अंकात दहा लेखक म्हणजे दहा मुदती, म्हणून लेखकवार मृत्युवर्षाची वही घाला. वर्ष सापडत नाही तो अंक स्कॅन करून ठेवा, पण चढवू नका. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतच्या मुक्त फाइलींच्या साठ्यावर, अमेरिकेतली मुदतही पाहतात. भारतात मुक्त झालेली पुस्तके तिथून उडतात ती बहुधा यामुळेच. प्रकाशनाला ९५ वर्षे पूर्ण होऊन पुढचे वर्ष लागलेला अंक त्या बाजूने निर्धोक.

पानापानावर वाचनालयाचे नाव ठसठशीत उमटवण्याचा मोह टाळा. अक्षरओळख (चित्रातला मजकूर संगणकाने वाचणे) बिघडते, शिवाय जसेच्या तसे स्कॅन केल्याने नवा हक्क तयार होतो असे मानणे कठीण आहे: निव्वळ श्रम पुरेसे नाहीत, थोडी तरी सर्जनशीलता हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने ईस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सांगितले आहे. श्रेय अंकासोबतच्या माहितीच्या नोंदीत द्या, तिथे ते टिकते.

आता टिपणे. ए४ पान ३०० डीपीआयने (एका इंचात ३०० बिंदू) घ्यायला सुमारे ८.७ मेगापिक्सेल लागतात. म्हणजे १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलमध्ये एका वेळी एकच पान. समोरासमोरची दोन घेतलीत तर अनुस्वार आणि रफार पुसट होतात. बारीक टायपाला ४०० डीपीआय ठेवा, मात्र त्याला १२ मेगापिक्सेल पुरत नाहीत. त्या मापाचे रंगीत टिफ (न आवळलेली चित्र-फाइल) पान जवळपास ४६ एमबी होते, हजार पानांना ४६ जीबी धरून दोन डिस्क घ्या आणि एक वाचनालयाबाहेर ठेवा. स्कॅनर ॲपमधला काळा-पांढरा पर्याय वापरू नका, त्यात ठिपके सर्वांत आधी जातात. वर्तमानपत्री कागद आम्लामुळे ठिसूळ झालेला असतो, आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तर घडीवरच तुटतो. काचेवर दाबू नका, दोन्ही बाजूंना उशा देऊन अंक अर्धवट उघडा. फाटलेल्या जागी सेलोटेप तर अजिबात नको.

ठिपक्यांचा आग्रह उगाच नाही. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत ‘नाहीं’, ‘कांहीं’ असेच असते. मुद्रितशोधनाला बसलेले उत्साही हात ते ‘नाही’, ‘काही’ करून टाकतात, आणि मूळ अंकाचा पुरावा बदलतो. तसेच्या तसे ठेवा, आजचे रूप नोंदीत द्या. मे १९३०मध्ये सोलापुरात लागलेल्या मार्शल लॉवर (लष्करी कायद्यावर) काम करणारा ‘सोलापूर’ शोधेल, छापलेले ‘शोलापूर’ असेल, दोन्ही लिहा. १२ जानेवारी १९३१ला फाशी गेलेल्या चौघांची, म्हणजे मल्लाप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांची नावेही अंकागणिक वेगवेगळी छापलेली सापडू शकतात, तेव्हा एक ठरावीक रूप सर्व नोंदींत घाला.

टेसरॅक्ट या अक्षरओळखीच्या प्रणालीत प्रत्येक अंकाची भाषा वेगळी निवडा. मराठी, कन्नड, तेलुगू छपाई बरी वाचली जाते. कातिबाच्या, म्हणजे लेखनिकाच्या, हातच्या उर्दू नस्तालिक वळणाच्या अक्षरावर असा भरवसा नको, त्याचे निदान मथळे आणि व्यक्तिनामे हाताने टंकून घ्या. त्यासाठी शहरातले उर्दू शिक्षक गाठा. मुक्त ठरलेला एक मराठी अंक आधी मराठी विकिस्रोतावर, म्हणजे विकिपीडियाच्या सोबतच्या मुक्त ग्रंथालयावर, न्या. पान एका बाजूला, मजकूर दुसऱ्या बाजूला असल्याने चूक लगेच दिसते, आणि पुढच्या अंकांसाठी स्कॅनचा दर्जा कुठे वाढवायचा ते तिथेच कळते.