वाचक विचारतात: गाव मध्यभागी ठेवा, रूट सापडत जातात

या वेळच्या पत्रांत निम्म्याहून जास्त पत्रं एकाच विषयावर आहेत, रोड बाइक घेतलीय, गावाबाहेर छोटे छोटे रस्ते दिसतायत, पण नेमकं कुठून जायचं आणि किती जायचं ते कळत नाही. माझ्या फार जवळचा विषय आहे हा, त्यामुळे एकदोन उत्तरं लांबलीयत, तेवढं चालवून घ्या.

प्रश्न: मी नुकताच एका लहान गावात राहायला आलोय. गावातून पाच रस्ते बाहेर पडतात. पहिल्याच रविवारी ॲपवर ६० किलोमीटरचा एक मोठा राउंड आखला आणि निघालो, पण तिसाव्या किलोमीटरला पाय संपले, पाणी संपलं आणि घर सगळ्यात लांब होतं. पुढचे तीस कसे काढले माझं मला माहीत. चुकलं कुठे?

उत्तर: तुमचे पाय चुकले नाहीत, आखणी चुकली. एकच मोठा राउंड मारला की त्यातला सगळ्यात लांबचा बिंदू बरोब्बर निम्म्यावर येतो, म्हणजे जिथे माणूस दमायला लागतो तिथूनच परत यायला शॉर्टकट नसतो. नवीन भागात मी कायम उलटं करतो, गाव मध्यभागी ठेवायचं आणि त्याच्याभोवती फुलाच्या पाकळ्यांसारखे छोटे लूप काढायचे. तुमच्याकडे पाच रस्ते आहेत म्हणजे तुम्ही नशीबवान आहात, एका रस्त्याने बाहेर पडा, आडवा जोडरस्ता धरा, शेजारच्या रस्त्याने गावात परत या. अशी एक पाकळी साधारण १२ ते १८ किलोमीटरची होते, तीन पाकळ्या केल्या की ४५-५० किलोमीटर होतात आणि दर तास-पाऊण तासाने तुम्ही स्वतःच्या दारावरून जाता, बाटली भरा, जॅकेट काढून ठेवा, गुडघा कुरकुरत असेल तर तिसरी पाकळी सोडून द्या, कोणी विचारत नाही.

आणि एक पाकळी निदान चार वेळा करा, त्यातली दोनदा उलट्या दिशेने. उलटा गेलात की तोच रस्ता वेगळा होतो, चढाचा उतार होतो आणि जे वळण चढताना लक्षातही आलं नव्हतं ते उतरताना अंगावर येतं. माझ्या नेहमीच्या लूपवर असं एक वळण आहे, चढताना मी तिथे ताशी ९ च्या स्पीडने असतो आणि कडेची जांभळी फुलं बघत जातो, उतरताना तिथेच आतल्या बाजूला हातभर रुंदीची बारीक खडी पसरलेली असते कारण गाड्यांची मागची चाकं कडेची माती कापून ती रस्त्यावर ओढतात. कुठल्याच मॅपवर ही खडी नाहीये, ती चार वेळा गेल्यावरच कळते. पाकळ्या पाठ झाल्या की मग दोन शेजारच्या पाकळ्यांमधला गावाकडे येणारा रस्ता गाळा आणि बाहेरून बाहेरून जोडा, तुमचा मोठा राउंड तयार, पण आता त्यातून घरी वळायची प्रत्येक वाट तुम्हाला माहीत असेल.

प्रश्न: ॲप म्हणतं रूटमध्ये ४२० मीटर चढ आहे, सायकलवरचा कॉम्प्युटर २९० दाखवतो. खरं कोण बोलतंय?

उत्तर: बहुतेक वेळा कॉम्प्युटर, त्यात बॅरोमीटर असेल तर. तो हवेचा दाब मोजून उंची काढतो, त्यामुळे छोटे चढउतार बरे पकडतो, फक्त राइड चालू असताना हवामान बदललं तर आकडा हळूहळू सरकतो. ॲपवाले उंची नकाशाच्या डेटावरून घेतात आणि त्यातला बराच डेटा फेब्रुवारी २००० मध्ये एका स्पेस शटलने रडारने मोजलेला आहे, साधारण दर ३० मीटरला एक आकडा. आता रस्ता टेकडीच्या कुशीतून जात असेल तर त्या ३० मीटरच्या चौकोनात अर्धा रस्ता आणि अर्धी टेकडी येते, मग सपाट रस्त्यावरही ॲपला चढ-उतार दिसतात आणि ते सगळे चढ बेरजेत जातात. दाट झाडी असेल तर आणखी घोळ, कारण रडारला जमिनीऐवजी बऱ्याचदा झाडांचे शेंडे लागतात.

पण मला विचाराल तर एकूण आकड्यापेक्षा तो चढ रूटभर कसा विभागलाय ते बघा. ३०० मीटर चढ म्हणजे ५ टक्क्यांचा सलग ६ किलोमीटरचा एक चढ असू शकतो, किंवा प्रत्येकी २० मीटरचे १५ छोटे खडे चढ असू शकतात, आणि गावाकडच्या रस्त्यांवर हा दुसरा प्रकार फार असतो. मोठा हायवे बांधताना टेकडी कापतात, खोलगट भाग भरतात, तसं गावच्या रस्त्याला कोणी केलेलं नसतं, तो जमीन जशी आहे तसाच जातो, ओढा आला की खाली पुलावर आणि पूल संपला की परत वर. हिशोब करून बघा, सायकल आणि तुम्ही मिळून ८५ किलो धरलं तर ५ टक्के चढावर ताशी १० च्या स्पीडने जायला नुसतं वजन वर न्यायलाच ११५ वॉटच्या आसपास ताकद लागते, १० टक्के झाला की दुप्पट. पुढे ३४ दात आणि मागे ३२ दातांचा गिअर असेल तर मिनिटाला ७० पेडल मारून तुम्ही ताशी साडेनऊच्या आसपास असता, म्हणजे कडक चढावरही पाय फिरते राहतात. मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरचा दातेरी चकत्यांचा संच, २५ दातांवर संपणारी असेल तर अशा भागात आधी ती बदला, बाकीचं सगळं नंतर.

प्रश्न: दादा, मी १७ वर्षांची आहे. जाताना इतकं भारी वाटतं की वाटतं आज फॉर्मात आहे, आणि येताना रडू येतं. असं का होतं?

उत्तर: अगं वारा आहे तो! जाताना पाठीवर घेतेस आणि येताना छातीवर. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे समोरून वारा आला की दुप्पट जोर लावूनही थोडंच पुढे सरकतेस, आणि जेवढा वेळ जाताना वाचवलास त्याहून जास्त येताना जातो. बघ, वारा नसताना तू ताशी २५ ने जातेस, तर २० जाऊन २० परत यायला ९६ मिनिटं लागतील. वाऱ्यात एका बाजूला ३२ आणि दुसऱ्या बाजूला १८ ने गेलीस तर ॲव्हरेज २५ च वाटतं पण वेळ १०४ मिनिटं लागतो, कारण हळू भागात जास्त वेळ जातो. म्हणून निघताना वाऱ्याच्या तोंडावर निघायचं, ताजे पाय असताना, आणि घरी येताना तो पाठीवर घ्यायचा. झाडांच्या शेंड्याकडे किंवा उभ्या पिकाकडे बघितलंस की दिशा कळते, आणि आकाश मोकळं असेल त्या दिवशी वारा सहसा सकाळी कमी आणि दुपारी जास्त असतो, त्यामुळे लवकर निघ. उघड्या माळावरचा रस्ता वारा पाठीवर असेल तेव्हासाठी ठेव आणि झाडीतला, खोलगट भागातला समोरच्या वाऱ्यासाठी. आणि फॉर्मात नाहीस असं समजू नकोस.

प्रश्न: माझ्याकडे २५ एमएमचे टायर आहेत. गावचे रस्ते खडबडीत, हाताला मुंग्या येतात. मग काय हायवेनेच जायचं का?

उत्तर: हायवे नको, टायर बदला. फ्रेममध्ये बसत असतील तर ३२, नाहीतर २८ तरी घाला आणि हवा कमी ठेवा, ७० किलोच्या माणसाला २८ एमएमला ७० पीएसआय (पंपावरचं हवेच्या दाबाचं माप) पुरतात, ३२ ला त्याहूनही कमी. टायरच्या कडेला छापलेला मोठा आकडा ही वरची मर्यादा असते, तिथपर्यंत भरायलाच हवं असं काही नाही, दगडासारखी टणक हवा खडबडीत डांबरावर उलट हळू पडते कारण प्रत्येक खड्याला सायकल उसळते आणि ती ताकद तुमच्या अंगातून जाते.

रूट आखताना ओपनस्ट्रीटमॅप या मोफत ऑनलाइन नकाशावर रस्त्याचा पृष्ठभाग नोंदवलेला असेल तर बघा, मग सॅटेलाइट फोटो बघा, एकसारखी राखाडी पट्टी असेल तर डांबर, तपकिरी आणि मध्ये हिरवी रेघ असेल तर कच्चा रस्ता. स्ट्राव्हा या राइड नोंदवायच्या ॲपच्या हीटमॅपवर, म्हणजे लोक कुठून किती जातात ते दाखवणाऱ्या नकाशावर, रेघ ठळक असेल तर लोक तिथून जातात एवढंच कळतं, रोड बाइकने जातात का माउंटन बाइकने ते बघायला विसरू नका. आणि शेतीच्या हंगामात एक गोष्ट जपा, शेताच्या तोंडाशी ट्रॅक्टर वळतात तिथे चाकांतून पडलेला चिखल असतो, सुकलेला असेल तर फक्त धक्के बसतात पण पहिला शिडकावा पडला की तोच साबणासारखा होतो, तिथे ब्रेक आधीच मारून घ्यायचा आणि त्या पट्ट्यावरून हँडल सरळ ठेवून, पेडल न मारता, ब्रेकला हात न लावता निघून जायचं.

प्रश्न: कुत्रं मागे लागलं तर?

उत्तर: उतार असेल आणि पुढे मोकळा रस्ता असेल तर जा. नाहीतर थांबा, उतरा, सायकल तुमच्या आणि त्याच्या मध्ये धरा आणि शांतपणे चालत त्याची हद्द ओलांडा, पळणारं चाक थांबलं की बहुतेक कुत्र्यांचा जोर ओसरतो. पुढच्या वेळी ते घर कुठे आहे ते लक्षात ठेवा आणि त्या पाकळीत तेवढा तुकडा चढाऐवजी उताराने येईल अशी दिशा निवडा.