पोरगं रात्रभर फुकट कोड लिहितंय, काय करू?

नमस्कार दादा,

पत्र मिळालं, दोनदा वाचलं. उद्यमनगरात तुमचं लेथचं वर्कशॉप, मुलगा कॉम्प्युटरच्या थर्ड इयरला, आणि तीन महिने झाले तो रात्री दोन-दोन वाजेपर्यंत ओपनस्टॅक नावाच्या कशावर तरी बसलेला असतो, पैसा एक मिळत नाही, वर परदेशातला कोणीतरी त्याचं काम सारखं परत पाठवतोय. पोराला फुकट राबवून घेतायत का, हे बंद करून पुण्याला क्लाऊडच्या सर्टिफिकेट कोर्सला घालू का, असं विचारलंय तुम्ही.

बंद करू नका. सरळच सांगतो.

ओपनस्टॅक म्हणजे एखाद्या टेलिफोन कंपनीला किंवा संशोधन संस्थेला स्वतःच्याच मशिनवर स्वतःचं क्लाऊड (म्हणजे बरेच कॉम्प्युटर जोडून, ज्याला लागेल तेवढी ताकद वाटून देणारी सोय) उभं करायचं असेल तर लागणारं सॉफ्टवेअर. 2010 मध्ये नासा आणि रॅकस्पेस या अमेरिकन होस्टिंग कंपनीनी मिळून सुरू केलं, कोड सगळ्यांना खुला, युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेचं क्लाऊडपण यावर चालतं. आणि यात कोड घालणारे बरेचसे लोक फुकट करत नाहीत बरं का, ते कुठल्या ना कुठल्या कंपनीचे पगारी इंजिनिअर असतात, कंपनीच त्यांना या कामावर ठेवते. त्यातल्या रेड हॅट या सॉफ्टवेअर कंपनीचं ऑफिस तर पुण्यातच आहे. म्हणजे तुमचा पोरगा आज ज्यांच्यासोबत काम करतोय त्यांची ही नोकरी आहे.

आता ते परत पाठवणं. तुमच्याकडं नवीन पोरगा जॉब काढून आणतो, तुम्ही गेज लावता, नाही बसला की परत मशिनवर पाठवता, आणि तसाच तो टर्नर होतो ना? इथंही तेच आहे. त्यानं कोडमध्ये केलेला बदल गेरिट नावाच्या तपासणीच्या वेबसाइटवर जातो, झूल नावाची सिस्टिम आपोआप टेस्ट चालवते, मग जाणकार लोक ओळ न ओळ वाचतात आणि पटलं नाही तर मायनस वन (म्हणजे नापसंतीचं मत) देऊन कारण लिहितात, प्लस टू (म्हणजे पक्की मंजुरी) द्यायचा अधिकार फक्त कोअर रिव्ह्यूअरना, म्हणजे प्रोजेक्टच्या मुख्य तपासनीसांना. एकच बदल सात-आठ वेळा सुधारून टाकायला लागणं ही तिथं रोजची गोष्ट आहे. आणि हे सगळं कायम उघड्यावर राहतं, उद्या इंटरव्ह्यू घेणारा माणूस स्वतः उघडून बघू शकतो की चूक दाखवल्यावर ह्यानं काय केलं. कॉलेजच्या मिनी प्रोजेक्टचं एवढं बारकाईनं कोणी बघत नाही. मला त्या तीन महिन्यांचं मनापासून कौतुक वाटलं दादा.

पण दोन वाजेपर्यंत जागायचं काही कारण नाही, हे त्याला माझ्याकडून सांगा. रिव्ह्यू, म्हणजे तपासणाऱ्याचा शेरा, लिहून येतो, रात्री आला तरी सकाळी उत्तर दिलं तर चालतं. सेमिस्टरच्या परीक्षेत महिनाभर थांबला तरी बदल कुठं पळून जात नाही, बॅकलॉग राहिला तर मात्र कॅम्पसला बसताना खरंच अडचण होईल.

आणि अजून एक, स्वतःचाच बदल धरून बसू नको म्हणावं. दुसऱ्यांचे बदल वाच, प्लस वन-मायनस वन कोणीही देऊ शकतं, कारण मात्र नीट लिही. त्यातनं लिखाणाचं इंग्रजीपण सुधारतं (मराठी मीडियमचा आहे म्हणालात, त्याची काळजी सोडा), आणि जो दुसऱ्याचं वाचतो त्याचंही लोक लवकर वाचतात. बदल फारच पडून राहिला तर आयआरसीवर (तिथल्या लोकांच्या चॅटवर) नम्रपणे आठवण करावी, त्यात लाजायचं काही नाही.

सर्टिफिकेट वाईट नाही. कुबरनेटीसची (क्लाऊडवर ॲप्लिकेशन्स चालवायचं आणखी एक खुलं सॉफ्टवेअर) सीकेए नावाची सर्टिफिकेट परीक्षा तर दोन तासांची आणि पूर्ण प्रॅक्टिकल असते, फायनल इयरला द्यायला हरकत नाही, पण त्यासाठी पुण्याला खोली करून राहायची गरज मला तरी वाटत नाही. पैशाचंच म्हणाल तर गूगल समर ऑफ कोडमध्ये, म्हणजे खुल्या सॉफ्टवेअरवर काम करायच्या गूगलच्या कार्यक्रमात, 18 वर्षं पूर्ण झालेल्या नवख्यांना मानधन मिळतं, कुबरनेटीस सांभाळणारी सीएनसीएफ ही संस्था त्यात असते, पुढच्या वर्षी अर्ज करू दे.

कोर्सच्या फीमधले थोडे पैसे मात्र आत्ताच काढा. लॅपटॉपला 8 जीबी रॅम आहे असं लिहिलंय तुम्ही, ती 16 करून द्या, कारण डेव्हस्टॅक (स्वतःच्या कॉम्प्युटरवर ओपनस्टॅक उभं करून बघायचं साधन) वेगळ्या व्हर्च्युअल मशिनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणाऱ्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, चालवायचं असतं आणि 8 मध्ये ते रडत रडत चालतं. त्याच्या जागरणाचं अर्धं कारण हेच असेल असं मला वाटतंय.