तेलाचा डबा किती दिवसांत संपतो?

श्रावण तोंडावर आला की या सदराची डाक वाढते. उपास, सणवार आणि दिवाळीच्या आत वजन उतरवायची घाई, सगळं एकदम येतं. या वेळची बहुतेक पत्रं कॅलरीबद्दलच आहेत. त्यातली पाच निवडली आहेत. नावं नेहमीप्रमाणे दिलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी ४३ वर्षांची, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. उंची पाच फूट दोन इंच, वजन ६८ किलो. पोळी बंद करून ज्वारीची भाकरी सुरू केली, भात सोडला, तरी काटा हलत नाही. मोबाइलवरच्या अ‍ॅपने रोज १२०० कॅलरी सांगितल्या आहेत. चार दिवस पाळते, मग डोकं दुखायला लागतं आणि सगळं सुटतं. दिवाळीपर्यंत ५५ वर यायचं आहे. दिवसभराच्या खाण्याची नोंद सोबत पाठवते आहे. (एक शिक्षिका, बार्शी)

उत्तर : बाई, तुम्ही नोंद इतकी प्रामाणिकपणे लिहिली आहे, की माझं अर्धं काम झालं. "मी काही फार खात नाही" असं तुम्ही लिहिलंय आणि ते खरंच आहे. दीड भाकरी दुपारी, एक रात्री. याला कुणी फार खाणं म्हणणार नाही.

आधी भाकरीचं बघू. ज्वारीचं पीठ घ्या की गव्हाचं, १०० ग्रॅम पिठात साधारण ३३० ते ३५० कॅलरी असतात. एका भाकरीला ५० ग्रॅम पीठ धरलं तर १७० च्या आसपास. भाकरीचा फायदा वेगळा आहे. तिला तेल लागत नाही, ती चावून खावी लागते, पोट भरल्यासारखं वाटतं. पण पोळीच्या जागी भाकरी आली म्हणून कॅलरी निम्म्या झाल्या, असं होत नाही.

आता तुमचा चहा. दिवसाला तीन कप, प्रत्येकात अर्धा कप म्हशीचं दूध आणि दोन चमचे साखर. एक कप ११० ते ११५ कॅलरीचा होतो. तीन कपांत दोन भाकऱ्या झाल्या. सकाळच्या चहाबरोबर दोन खारी, त्यांचे दीडशे. पोह्यांची बशी ३००. दुपारच्या दीड भाकरीचे अडीचशे. जोडीला भरली वांगी. त्यांच्या रश्श्यावर कुटाचा आणि तेलाचा जो तवंग दिसतो, त्यासह एका वाटीचे दोनशे धरा. आणि आपली शेंगाचटणी! मी सोलापुरातच दवाखाना चालवते, त्यामुळे ताटात चटणी नसेल तर जेवण झाल्यासारखं वाटत नाही, हे मला कुणी सांगायला नको. दोन चमचे चटणीचे शंभर, आणि ती कालवायला वरून सोडलेलं दोन चमचे तेल, त्याचे आणखी नव्वद. म्हणजे ताटाच्या कडेला बसलेली चटणी एका भाकरीपेक्षा भारी पडते. पाच वाजता मूठभर फरसाण, १६०. रात्री भाकरी आणि आमटी मिळून तीनशे. बेरीज १९०० च्या आसपास जाते.

तुमचं वय, उंची, वजन बघता दिवसाचा खर्च १८०० ते १९०० असावा. दिवसभर पडून राहिलात तरी त्यातले १२५० ते १३०० शरीर श्वास, रक्ताभिसरण, पचन यातच खर्च करतं. मग १२०० वर शाळा, घर, डबे, तपासायच्या वह्या हे सगळं रेटताना डोकं दुखणारच. मनाचा कच्चेपणा म्हणून स्वतःला दोष देऊ नका. तो आकडाच तुमच्यासाठी चुकीचा आहे. १४५० ते १५०० पुरे.

हे ४००-४५० कुठून काढायचे? भाकरीला हात लावू नका. चहात एकेक चमचा साखर कमी केली की साठ वाचले. खारी बंद, दीडशे. चटणी तेलाऐवजी दह्यात कालवा, नव्वदाचे पंधरा-वीस होतील. वांग्यातलं कूट आणि तेल निम्मं करा, ऐंशी-नव्वद. फरसाणाऐवजी मूठभर फुटाणे, पन्नास-साठ. झालं. जेवण तेच, ताट तेच. शिवाय रात्री आमटीच्या जोडीला मटकीची किंवा मुगाची उसळ कमी तेलात करून घ्या. तुमच्या नोंदीत प्रथिनं फारच थोडी आहेत, आणि वजन उतरताना स्नायू टिकवायचे तर ती लागतातच. वाटीभर उसळीचे शंभर-सव्वाशे वाढतील, म्हणून रात्रीची भाकरी मात्र अर्धी करा.

दिवाळीपर्यंत तेरा किलो मात्र मनातून काढून टाका. पाच-सहा उतरले तरी उत्तम, आणि पहिलं लक्ष्य साडेतीन किलोचं ठेवा. तुमच्या वजनाचे ते पाच टक्के होतात. तेवढ्यानेही रक्तदाब, साखर, गुडघे यांना फरक पडतो. पहिल्या आठवड्यात काटा झरझर खाली येईल, त्यावर भाळू नका. शरीरात साठवलेल्या साखरेच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी असतं, ते जातं. नंतर वेग मंदावला की "डाएट लागू पडेना" म्हणून सोडून देणाऱ्या किती तरी जणी मी बघते. तिथेच थांबायचं नसतं. थायरॉइडची तपासणी केली नसेल तर एकदा करून घ्या.

आणि ही मोजदाद जन्मभर करायची नाही. कशात किती आहे हे एकदा डोळ्यांना कळेपर्यंत, दोन-तीन आठवडे, बस. मग अ‍ॅप काढून टाका.

प्रश्न : सकाळी मध-लिंबाचं कोमट पाणी आणि दिवसभर गुळाचा चहा घेतला तर चरबी जळते का? (गृहिणी, चिपळूण)

उत्तर : नाही. १०० ग्रॅम साखरेत ४०० कॅलरी, गुळात ३८० च्या आसपास. फरक नावापुरता. मधाचा चमचाही साखरेच्या चमच्याएवढाच. कोमट पाणी आवडतं म्हणून जरूर प्या, मध वगळून.

प्रश्न : ताई, मी ५२ वर्षांचा. उंची साडेपाच फूट, वजन ६७. सगळे मला बारीकच म्हणतात, पण पोट सुटलं आहे, कंबर ३८ इंच. गेल्या वर्षी मधुमेह निघाला, गोळ्या चालू आहेत. बारीक माणसाला मधुमेह कसा? मित्र म्हणतात, दिवसातून दोनदाच जेवायचं ते दीक्षित डाएट कर. करू का? (पतसंस्थेतील कर्मचारी, नाशिक रोड)

उत्तर : दादा, या प्रश्नाचं उत्तर पुण्यातच शोधलं गेलं आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षं यावर काम केलं. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून बारीक, आतून चरबी. आपल्याकडच्या कितीतरी लोकांची ठेवण अशी आहे, आणि ही चरबी पोटात, आतड्यांभोवती, यकृतात साठते. म्हणूनच आशियाई लोकांमध्ये बीएमआय २३ च्या पुढे गेला की धोका वाढतो असं धरतात. तुमचा २४ च्या जवळ आहे. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. बायकांची ८०. मोजताना टेप बेंबीच्या पातळीला धरा, पँटचा नंबर बघू नका. तो पोटाखालचा असतो.

दोन वेळा जेवण्याची पद्धत कै. डॉ. श्रीकांत जिचकार यांनी मांडली आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी ती गावोगावी पोचवली. मधल्या वेळचं चरणं थांबतं, त्यामुळे अनेकांचं वजन उतरतं हे मी पाहिलं आहे. पण तुम्ही गोळ्यांवर आहात. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी असेल किंवा पुढे इन्सुलिन सुरू झालं, तर जेवणात मोठं अंतर पडल्यावर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम फुटणं, हातपाय थरथरणं, भोवळ. रस्त्यात गाडी चालवताना असं झालं तर? म्हणून आधी गोळ्यांचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा, त्यांना स्पष्ट विचारा आणि त्यांनी डोस बदलून दिल्यावरच सुरुवात करा. त्या दोन जेवणांत वाट्टेल तेवढं चालतं हाही गैरसमज आहे. तोवर रात्रीच्या जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चाला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा उठाबशा, भिंतीला टेकून जोर, असं ताकदीचं काही करा. नुसतं चालण्यावर भिस्त ठेवू नका. तुमच्या वजनाला तासभर चालून दोन-अडीचशे कॅलरी खर्च होतात, एक वडापाव तेवढ्याचाच.

प्रश्न : आमचं एकत्र कुटुंब. सासू-सासरे, आम्ही दोघं, दीर-जाऊ, सहा माणसं. माझं वजन ७४ झालं आहे. वेगळं करून खाल्लं की सासूबाईंना वाईट वाटतं, "माझ्या हातचं चालत नाही का" म्हणतात. त्यात श्रावणी सोमवार, शनिवार, चतुर्थी, एकादशी, सगळे उपास धरते, तरी वजन वाढतंच. तेलाचा १५ किलोचा डबा दोन महिन्यांत संपतो, हे जास्त आहे का? (इचलकरंजीहून)

उत्तर : तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मला फार मोलाचं वाटलं. कॅलरीचं अ‍ॅप जे सांगत नाही ते तेलाचा डबा सांगतो. हिशेब करू या. १५ किलो, सहा माणसं, साठ दिवस. माणशी रोज ४१-४२ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २००० कॅलरीच्या दिवसासाठी जे ताट सुचवलं आहे, त्यात तेल-तूप २७ ग्रॅम आहे. म्हणजे प्रत्येकाच्या पोटात रोज पंधरा ग्रॅम जादा, सुमारे १३५ कॅलरी. एका ग्रॅम पिठाच्या जवळजवळ अडीचपट कॅलरी एका ग्रॅम तेलात असतात. बाहेरचं खाणं आणि पोळीवरचं तूप यात धरलेलंच नाही.

वेगळं शिजवू नकोस. वेगळं ताट घरात टिकत नाही. नणंद आली, पाहुणे आले, सण आला की पहिलं तेच जातं, आणि रोज दोनदा रांधायची ताकद कुणात असते? सासूबाईंनाच या कामात पुढे कर. त्यांचा हात घरात चालतो, म्हणून बदल त्यांच्याच हातून होऊ दे. "माझं वजन" असा विषय काढू नकोस. सासऱ्यांचा रक्तदाब असेल, दिराची वाढलेली चरबी असेल, घराघरात काहीतरी असतंच. त्यांना विचार, "आई, हा डबा अडीच-तीन महिने पुरवता येईल का?" जुन्या बायका काटकसरीत आपल्याला हार जाणाऱ्या नाहीत. मग फोडणीला कॅनमधून सरळ ओतण्याऐवजी पळी ठरवा. सहा माणसांच्या भाजीला कढईत दोन पळ्या जात असतील तर एक करा, वर पाण्याचं झाकण ठेवा. भाजी खाली लागत नाही आणि वाफेवर शिजते. तांबड्या रश्श्याचा कट आला की वरचा थर पळीने काढून ठेवा आणि दुसऱ्या दिवशीच्या आमटीला तोच फोडणी म्हणून वापरा. चवीला उणं पडत नाही.

आता उपास. "एकादशी, दुप्पट खाशी" आपल्याकडे उगीच म्हणत नाहीत. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, १०० ग्रॅमला ३५० कॅलरी, प्रथिनं एक ग्रॅमही नाहीत. बशीभर खिचडीत ५० ग्रॅम साबुदाणा, मूठभर कूट, तीन चमचे तूप, बटाटा, असं मिळून साडेचारशे-पाचशे होतात. दोन तासांनी पुन्हा भूक लागते, म्हणून वेफर्स, मग दाण्याचा लाडू. तुझे उपास मोजले तर श्रावणात आठवड्याला दोन-तीन दिवस असे जातात. उपास मोडायला मी सांगणार नाही, ती तुझी श्रद्धा आहे. खिचडी एकाच वेळी, वाटीभर. दुसऱ्या वेळी वरीचा भात आणि पातळ दाण्याची आमटी, सोबत काकडीची दह्यातली कोशिंबीर. मध्ये ताक, फळ, उकडलेलं रताळं. आणि उपास सोडताना पुरणपोळी किंवा तळण असेल तर ते सोमवारच्या रात्री न ठेवता दुसऱ्या दिवशी दुपारच्या जेवणात घ्या. दिवसभर रिकाम्या पोटी राहिलेला माणूस रात्री बेताने खात नाही, कुणीच नाही.

प्रश्न : मुलगी १५ वर्षांची, दहावीत. वजन ५९ किलो, उंची पाच फूट एक इंच. नातेवाईक "जाडी झाली" म्हणतात. ती दुपारचा डबा तसाच परत आणते, रात्री फक्त सूप. तिला कॅलरीचा तक्ता बनवून द्याल का? (आई, ठाणे)

उत्तर : नाही देणार. तुमची काळजी समजते, पण वाढत्या वयातल्या मुलीच्या हातात कॅलरीचा तक्ता देणं मला धोक्याचं वाटतं. या वयात हाडं भरत असतात, पाळी स्थिरावत असते, लोह भरपूर लागतं. डबा न खाता ती दहावीचा अभ्यास करते आहे, याची मला तिच्या वजनापेक्षा जास्त चिंता वाटते.

पहिलं काम, नातेवाइकांना थांबवा. तुम्ही स्वतः, तिच्यादेखत, ठामपणे. "तिच्या शरीराबद्दल आमच्या घरात बोलायचं नाही." मोठ्या माणसाला असं सांगणं जड जातं, पण हे आईनेच करायचं असतं. दुसरं, तिचं हिमोग्लोबिन तपासा. १२ च्या खाली असेल तर डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतील. घरात पालेभाजी, शेवग्याचा पाला, हळीव, वर लिंबू, आणि जेवणाला लागून चहा नको, त्याने लोह नीट शोषलं जात नाही. तिसरं, तिचा डबा तिलाच ठरवू द्या. पोळीची भाजी घातलेली गुंडाळी, अंडं, पनीर, मोड आलेले मूग, तिला मैत्रिणींसमोर उघडायला आवडेल असं काहीही. बिस्किटं आणि शीतपेयं घरात आणणं सगळ्यांसाठीच बंद करा, एकटीसाठी नको. संध्याकाळी तासभर तिच्या आवडीचा खेळ किंवा नाच असू दे, क्लासची वेळ बदलावी लागली तरी.

तिने जेवण टाळणं चालूच ठेवलं, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाऊ लागली, किंवा ओळीने तीन महिने पाळी आली नाही, तर माझ्या पुढच्या उत्तराची वाट बघू नका. बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि सोबत समुपदेशकाची वेळ घ्या.