जीएनएम झालेल्या मुलीसाठी : आधी पोस्ट बेसिक की आधी मोठं रुग्णालय?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, नर्सिंगचा डिप्लोमा) आणि नोंदणी होऊन दीड वर्ष झालं. ३० खाटांच्या नर्सिंग होममध्ये १४,००० रुपयांवर काम करते. तिथल्याच बीएस्सी नर्सिंग झालेल्या मुलीलाही तेवढाच पगार आहे. मग नोकरी सोडून दोन वर्षं पोस्ट बेसिक बीएस्सी (जीएनएमनंतरची नर्सिंगची पदवी) करण्यात अर्थ आहे का? की अनुभव वाढला की पगार आपोआप वाढेल?

उत्तर :

ताई, आपोआप काही वाढत नाही. पदवीने नाही आणि नुसत्या वर्षांनीही नाही. लहान नर्सिंग होम पैसे मोजतं ते ड्यूटी भरली जाण्याचे. तिथे सलाइन, इंजेक्शन, ड्रेसिंग जीएनएमही करते आणि बीएस्सीही करते, म्हणून दोघींचा पगार सारखा. त्याच नर्सिंग होममध्ये पाच वर्षं काढली तरी दरवर्षी पाचशे-हजारापलीकडे फारसं हाती लागायचं नाही.

सरकारी नोकरीचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्रात अधिपरिचारिकेची (स्टाफ नर्सची) वेतनश्रेणी ३५,४०० ते १,१२,४०० अशी आहे आणि निवड झाल्यावर जीएनएम असो वा बीएस्सी, सुरुवात ३५,४०० पासूनच. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत आणि एम्समध्ये नर्सिंग ऑफिसर वेतनाच्या लेव्हल ७ ला लागते, मूळ वेतन ४४,९००. त्यावर महागाई भत्ता, घरभाडं आणि नर्सिंग अलाउन्स. पुढे वर्षाला साधारण ३ टक्के वाढ : ४४,९०० नंतर ४६,२००, मग ४७,६००, आणि दहा वाढी झाल्या की ६०,४००. खासगीत दहा वर्षं काढून आलेली नर्सही तिथे ४४,९०० लाच लागते. म्हणजे सरकारी रांगेत पगार वाढवतो तो आतला अनुभव. बाहेरचा अनुभव, आणि पदवीसुद्धा, फक्त दार उघडून देते.

ते दार कसं उघडतं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. नर्सिंग ऑफिसरच्या भरतीसाठी एम्स घेते त्या नॉरसेट परीक्षेला बीएस्सी किंवा पोस्ट बेसिक बीएस्सी झालेल्यांना अनुभवाची अट नाही. जीएनएमवाल्यांना पात्रता मिळाल्यानंतरचा २ वर्षांचा अनुभव लागतो, तोही किमान ५० खाटांच्या रुग्णालयातला. तुमच्या मुलीचं दीड वर्ष ३० खाटांच्या ठिकाणी गेलं, तेव्हा या अटीत ते शून्य धरलं जाईल. वाईट वाटेल, पण हे आत्ताच कळलेलं बरं.

आता दोन्ही वाटा शेजारी ठेवून बघा. आज पोस्ट बेसिकला प्रवेश घेतला तर २६ व्या वर्षी ती नॉरसेटला पात्र. आज ५० पेक्षा जास्त खाटांच्या रुग्णालयात गेली तरी २६ व्या वर्षीच पात्र. खुल्या गटाची वयोमर्यादा ३० आहे, त्यामुळे दोन्हीकडे हातात चारेक वर्षं उरतात. फरक पैशाचा : पहिल्या वाटेवर आजच्या पगाराने ३,३६,००० रुपये बुडतात, वर फी.

म्हणून माझं मत असं. सरकारी कॉलेजात पोस्ट बेसिकची जागा मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. फी कमी, आणि ड्यूटीच्या पाळ्या सांभाळत अभ्यास करण्यापेक्षा कॉलेजात राहून परीक्षेची तयारी सोपी जाते. खासगी कॉलेजसाठी कर्ज काढावं लागणार असेल तर आधी रुग्णालय बदला, पदवी नंतर बघू. काहीही झालं तरी आहे तिथे तिसरं वर्ष काढू नका.

पदवी कायमची टाळावी असं मात्र नाही. एमएस्सी नर्सिंगला जीएनएमवरून थेट जाता येत नाही, आणि नर्सिंग कॉलेजात प्राध्यापकपद एमएस्सीशिवाय नाही. सौदीत डिप्लोमावाली नर्स टेक्निशियन म्हणून नोंदली जाते, पदवीवाली स्पेशालिस्ट म्हणून, आणि पगार त्या वर्गावर ठरतो.

एक गफलत नेहमी होते. पोस्ट बेसिक डिप्लोमा आणि पोस्ट बेसिक बीएस्सी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पहिला एक वर्षाचा, क्रिटिकल केअर किंवा ऑन्कॉलॉजीसारख्या एका विषयाचा. तो कामाचा आहे, पण ती पदवी नव्हे. प्रवेश घेताना नाव नीट वाचा.

खासगीत मोठ्या रुग्णालयात गेल्यावर पगार विभागावर हलतो. जनरल वॉर्डमधली नर्स गेली तर आठवड्यात दुसरी मिळते. व्हेंटिलेटर, आर्टेरियल लाइन, इन्फ्युजन पंप स्वतः सांभाळणारी आयसीयूतली नर्स तशी मिळत नाही, आणि हे रुग्णालयाला चांगलं ठाऊक असतं. ओटी (शस्त्रक्रियागृह), कॅथलॅब (अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीचा विभाग), एनआयसीयू (नवजात बाळांचं आयसीयू), डायलिसिस यांचंही तेच. मुलाखतीत तिने विभाग मागून घ्यावा. पगार हजार-दोन हजारांनी कमी असला तरी आयसीयू घ्यावं.

सांगितलेला आकडा सीटीसी (मालकाचा तिच्यावरचा एकूण खर्च) आहे की हातात येणारा, हेही विचारा. सीटीसीत मालकाचा पीएफचा हिस्सा धरलेला असतो. तिच्या हिश्श्याचा १२ टक्के पीएफ कापला जातो, आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) ०.७५ टक्केही.

घासाघीस करायला एक आधार आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या केंद्रीय समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही किमान २०,००० रुपये आणि २०० पेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी राज्य सरकारी नर्सइतका पगार सुचवला होता. ती शिफारस आहे, कायदा नव्हे. तिच्या बळावर कुणी पगार वाढवेल असं नाही, पण १४,००० फार कमी आहेत हे तरी कळतं.

राहिले कागद, आणि अनुभव वाया जातो तो बहुतेक इथेच. दाखल्यावर रुजू आणि कार्यमुक्त झाल्याची तारीख, पद, विभाग आणि रुग्णालयाच्या खाटांची संख्या लिहून घ्या. रोख पगार घेऊ नका; बँकेत जमा झालेला पगार आणि पे-स्लिप नसेल तर पडताळणीत अनुभव अडकतो. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी संपण्याआधी नूतनीकरण करा. बॉन्डच्या नावाखाली मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणाऱ्या ठिकाणी सही करू नका, कारण सहा महिन्यांनी चांगली संधी आली की तेच कागद सोडवून घेता घेता मुदत टळते.

सध्याच्या नर्सिंग होमचा दाखलाही राजीनाम्याआधीच मागून घ्या. नॉरसेटला तो चालणार नसला तरी दुसऱ्या खासगी रुग्णालयात तिला फ्रेशर म्हणून बसवण्याचा प्रयत्न झाला, तर दाखवायला तोच एक कागद आहे.