४ जीबीची रॅम ८ केली तर लॅपटॉप लवकर चालू होईल का?

तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप जुना आहे, रॅम ४ जीबी, आत साधी हार्ड डिस्क, बटण दाबून चहा पिऊन आलं तरी गोल चक्र फिरतंच असतं, आणि दुकानदार रॅम वाढवायला सांगतोय. पैसे घालवण्याआधी एकदा घड्याळ लावून बघा. पासवर्डची स्क्रीन यायला किती वेळ लागतो, आणि पासवर्ड टाकल्यावर क्रोम नीट उघडायला किती? मोजताना रीस्टार्ट करून मोजा. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप आलंय, त्यामुळे शट डाउन केलं तरी विंडोजचा गाभा डिस्कवर जपून ठेवला जातो आणि पुढच्या वेळी तोच परत उचलला जातो. रीस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पासवर्डच्या आधीच वेळ जात असेल तर रॅम १६ केलीत तरी फारसा फरक पडणार नाही. वीज गेली की रॅम कोरी. विंडोज दरवेळी डिस्कवरूनच आणावं लागतं, तेही इकडेतिकडे विखुरलेल्या असंख्य छोट्या फायलींमधून. हार्ड डिस्कचा हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवरून वाचणारा भाग, अशा जागांवर सेकंदाला जेमतेम शंभरेक वेळा पोचतो. एसएसडी म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी डिस्क; तिच्यात हेडच नाही, ती तेवढ्यात हजारो वेळा वाचून मोकळी होते.

मीही आधी रॅमच टाकली होती. सव्वादोन मिनिटांची दोन मिनिटं झाली, बस. एसएसडी टाकल्यावर अर्ध्या मिनिटाच्या आत आलं.

पासवर्डनंतर मात्र रॅमचा संबंध येतो. अँटिव्हायरस, वनड्राइव्ह, टीम्स सगळे एकदम उठतात, ४ जीबी भरते, आणि विंडोज रॅममधला माल डिस्कवरच्या पेजफाइलमध्ये ढकलू लागतं. आधीच धापा टाकणाऱ्या डिस्कवर आणखी ओझं! टास्क मॅनेजर उघडा. मेमरी नव्वदच्या आसपास आणि डिस्क १०० टक्क्यांना चिकटलेली दिसली तर हेच चाललंय. तिथल्याच स्टार्टअपच्या यादीतून नको ते बंद करा, फुकटात काम होतं.

गंमत म्हणजे रॅम बदलल्यावर पहिल्यांदा मशीन उलट उशिरा चालू होऊ शकतं. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) असलेल्या डेस्कटॉपवर तर नव्या रॅमशी जुळवून घेताना स्क्रीन कधी कधी काही मिनिटं काळीच राहते. माझ्या मित्राने घाबरून दोनदा बटण दाबलं, दोन्ही वेळा पहिल्यापासून सुरुवात.

तुमच्या जागी मी आधी एसएसडी घेईन, मग जमेल तेव्हा रॅम. तीही स्लॉट आहे का बघून, कारण बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये रॅम मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते.