आमेन राहिलं तर?

"मॅडम, चर्च चुकलं की आठवडाभर काहीतरी वाईट होणार असंच वाटत राहतं." हे माझ्याकडे मन मोकळं करायला येणाऱ्या इतक्या जणांकडून मी ऐकलंय की आता लिहायलाच बसले. कोणाचं चर्च, कोणाचा दशांश (कमाईचा दहावा भाग देवाला देणं), कोणाचा लेंटमधला, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांतला उपास, भीती मात्र एकच, नियम मोडला म्हणजे देव रुसला.

त्यातल्याच एक ताई (ओळख बदललीये), नगरकडच्या, नर्स, तीन पिढ्यांचं ख्रिस्ती घर. रविवारी ड्युटी लागली की जीव खालीवर, बायबल वाचनाची वही, एक दिवस राहिला की दुसऱ्या दिवशी दुप्पट वाचायचं आणि एवढं करून झोप नाहीच.

पहिल्या भेटी त्या वहीतच गेल्या. मग एकदा म्हटलं, "प्रार्थना कशी करता, करा बरं." डोळे मिटून सुरू, "हे परमकृपाळू स्वर्गीय पित्या..." सगळं पुस्तकी, कुठे अडखळणं नाही. झाल्यावर विचारलं, रात्री वॉर्डात काय झालं? तर सांगायला लागल्या, एक आजोबा गेले, घरचं कोणी पोचलं नव्हतं, यांनीच हात धरला होता, आणि बोलता बोलता रडू फुटलं.

"हे देवाला सांगितलंत?"

"हे असलं प्रार्थनेत कसं सांगायचं?"

मी जरा थांबले, मग विचारलं, "येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत देवाला आपण तू म्हणतो का तुम्ही?"

"तू. तुझे राज्य येवो."

"आणि घरात तू कोणाला म्हणायचात?"

बराच वेळ गप्प. मग हळूच, "आईला. अण्णांना तुम्ही."

माझ्या इतक्या वर्षांच्या कामात हा क्षण मी जपून ठेवलाय. तोंडाने तू म्हणत होत्या पण मनात उभ्या होत्या हजेरी घेणाऱ्यासमोर. आपल्या ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी तर ख्रिस्ताला आई म्हणून हाक मारली, ते काय उगाच?

बायबलमध्ये लूकच्या शुभवर्तमानाच्या 15 व्या अध्यायात उधळ्या मुलाची गोष्ट आहे, त्यातला थोरला मुलगा आठवा, कधी आज्ञा मोडली नाही, तरी बापाच्या घरात चाकरासारखा राबला आणि आत परतलेल्या धाकट्यासाठी मेजवानी चालू असताना बाहेर रुसून बसला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, पण ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, हे त्यांना कळायला आठएक वर्षं गेली, त्यांनी स्वतःच लिहिलंय. चर्च सोडा, उपास सोडा असं मी कोणालाच सांगत नाही, मीही दर रविवारी जाते. पण आईला भेटायला जाणं वेगळं आणि हजेरी लावायला जाणं वेगळं. भीती वाटत असेल तर वही आठवडाभर बाजूला ठेवा आणि दिवसभरातली एकच गोष्ट, जशी घडली तशी, आपल्या घरच्या बोलीत देवाला सांगा. राग आला असेल तर रागही सांगा, बायबलमधल्या स्तोत्रांत दावीद राजाने दुसरं काय केलंय?

ताई शेवटच्या भेटीला आल्या तेव्हा दोन रविवार ड्युटीतच गेले होते. म्हणाल्या, "नाइट करून एसटीत बसले, देवाला म्हटलं लई दमले रे आज, आणि तशीच झोप लागली मॅडम, थेट स्टँडवर जाग आली. आमेन म्हणायचं राहिलंच."

आणि हसल्या.